मुलाचा दुभाषी आईने होऊ नये

ताई, "घरी आला की कानाचं मशीन काढून ठेवतो, दार लावून घेतो, आणि समुपदेशक म्हणतात पुढच्या वेळी तुम्हीच सोबत बसून त्याला प्रश्न समजावून सांगा" हे तुम्ही लिहिलेलं वाचलं आणि राहवलं नाही. माझ्या मुलालाही नीट ऐकू येत नाही. तो १७ वर्षांचा असताना मलाही हेच सांगितलं होतं. मी बसले, आणि तिथेच आमचं सगळ्यात मोठं नुकसान झालं.

समुपदेशन केंद्राचं नाव घेत नाही. तिथल्या बाई माझ्याकडे बघून बोलायच्या, "त्याला विचारा, झोप लागते का?" मग मी ओठ ठळक हलवून, घरच्या खुणा करून विचारायचे. त्यांच्याकडे पीएचक्यू-९चा, म्हणजे नैराश्य तपासायचा फॉर्म होता, गेल्या दोन आठवड्यांबद्दलचे ९ प्रश्न. मेलेलं बरं असं वाटतं का, स्वतःला इजा करावीशी वाटते का, हा त्यातला नववा. तो माझ्या तोंडून निघेना. मी विचारलं, "फार कंटाळा येतो का रे?" तो म्हणाला, "नाही." फॉर्मवर शून्य पडलं. पुढचे आठ महिने आम्ही त्या शून्यावर विसंबून राहिलो.

आणि मी नीट विचारलं असतं, तरी आईच्या तोंडावर तो खरं बोलला असता का? ऐकू येणाऱ्या मुलाच्या आईला तिथे बाहेर बसवतात. माझ्या मुलाला तेवढा आडोसासुद्धा मिळाला नाही. फॉर्म त्याच्याच हातात द्या म्हटलं, तर "एवढा वेळ नसतो." याचा राग माझा अजून गेलेला नाही.

मी डॉक्टर नाही, प्रत्येक मूल वेगळं असतं. पण माझं मत ठाम आहे: तुम्ही बसू नका. त्याला लिहून किंवा टाइप करून बोलू द्या. त्याची पहिली भाषा खुणांची असेल तर घराबाहेरचा, प्रशिक्षित दुभाषी मागा. अशा मुलांना लेखी प्रश्नही सोपे जातातच असं नाही. समुपदेशकांचा चेहरा उजेडात हवा, खिडकीकडे पाठ नको. प, ब, म ओठांवर सारखेच दिसतात. निम्मं तर त्याला अंदाजाने जोडावं लागतं.

म्हणूनच घरी येऊन मशीन काढणं म्हणजे रुसवा असेलच असं नाही. दिवसभर तुटक शब्द जुळवून डोकं थकलेलं असतं, त्याला तासभर शांतता द्या. काळजी कधी करायची? आवडीच्या गोष्टीही सुटल्या, मित्रांना मेसेज करणं थांबलं, झोप बिघडली तर. आणि जेवताना सगळे हसले की "काय झालं?" विचारणाऱ्या मुलाला "काही नाही, नंतर सांगते" म्हणणं आजपासून बंद करा. ते 'नंतर' आमच्याकडे कधी आलंच नाही.

वर एकींनी दृष्टी कमी होत चाललेल्या मुलीबद्दल विचारलंय, म्हणून थोडं विषयांतर. तिला नसलेले चेहरे किंवा नक्षी दिसत असेल तर ते चार्ल्स बॉनेट सिंड्रोम असू शकतं. नजर कमी झाल्यावर मेंदू स्वतःच चित्रं तयार करतो, आणि ती खरी नाहीत हे माणसाला सहसा कळत असतं. वेडं ठरवतील या भीतीने मुलं ते लपवतात. डोळ्यांच्या डॉक्टरांना जरूर सांगा.

आता तुमच्या मुलाबद्दल. नववा प्रश्न विचारल्याने तो विचार डोक्यात घुसत नाही. माझी हीच भीती होती आणि ती चुकीची होती. शेवटी एका रात्री मी शेजारच्या खोलीतून मेसेज केला: "मरून जावंसं वाटतं का तुला? खरं सांग, मी रागावणार नाही." वीस मिनिटांनी उत्तर आलं, "हो. तू विचारशील असं वाटलं नव्हतं." त्या रात्री मी त्याच्या खोलीतच बसून राहिले आणि सकाळी थेट मानसोपचारतज्ज्ञांकडे गेलो. त्यांनी कीबोर्ड त्याच्यापुढे सरकवला आणि मला बाहेर थांबायला सांगितलं.