चिकित्सा म्हणजे उपचार की शंका?

प्रश्न असा आलाय की तत्त्वज्ञान वाचता वाचता, प्रश्न विचारता विचारता एखाद्याची देवाधर्मावरची श्रद्धा सुटली तर त्या क्रिटिकल थिंकिंगला मराठीत 'टीकात्मक विचार' म्हटलं तर चालेल का, आणि त्या माणसाला नास्तिक म्हणायचं की निरीश्वरवादी.

'टीकात्मक' मला अजिबात पटत नाही. टीका म्हटलं की हल्ली नावं ठेवणं एवढंच डोक्यात येतं. शब्द आहे की आपल्याकडे, चिकित्सा! भांडारकर संस्थेनं १९१९ ते १९६६ एवढी वर्षं हस्तलिखितं ताडून महाभारताची जी प्रत सिद्ध केली तिला, म्हणजे इंग्रजीतल्या क्रिटिकल एडिशनला, चिकित्सित आवृत्तीच म्हणतात, टीकात्मक नाही म्हणत कुणी.

लहानपणी हा शब्द मी दोन ठिकाणी ऐकला. भाजीतला कढीपत्ता, मिरची वेचून ताटाच्या कडेला लावत बसलो की आजी म्हणायची, "किती चिकित्सा करतोस रे, जेव मुकाट्यानं." आणि दुसऱ्यांदा सत्यनारायणाच्या पूजेला. कथेतली कलावती प्रसाद टाकून नवऱ्याला भेटायला धावली म्हणून नवऱ्यासकट नाव गडप झाली, तर मी विचारलं की प्रसाद हिनं टाकला, मग त्याची काय चूक, तर आजी हळूच म्हणाली, "देवाच्या गोष्टीत चिकित्सा करू नये बाळा." रागावून नाही, भिऊन म्हणाली होती ते आत्ता कळतं. तिला शब्दाचा अर्थ बरोब्बर माहीत होता.

जिज्ञासा, मीमांसा हे शब्द जसे बनलेत तसाच हा, संस्कृतातल्या कित् धातूला सन् प्रत्यय लागून. जुन्या वैयाकरणांनी या कित्‌चे अर्थ देताना रोग हटवणं आणि संशय हे दोन्ही दिलेत, संशय असेल तेव्हा आधी 'वि' लागतो, विचिकित्सा. आता कठोपनिषदात नचिकेता नावाचा मुलगा यमाकडे तिसरा वर मागतो ती ओळ बघा: 'येयं प्रेते विचिकित्सा मनुष्ये अस्तीत्येके नायमस्तीति चैके'. मेलेल्या माणसाबद्दल ही जी शंका आहे, कुणी म्हणतं तो असतो, कुणी म्हणतं नसतो, ते मला सांग. यम म्हणतो हत्ती घे, घोडे घे, सोनं घे, पण हे विचारू नको, आणि पोरगं हटत नाही! पुढे उत्तर आत्म्याकडे जातं हे खरं, पण विचिकित्सा, अस्ति आणि न अस्ति असं सगळं एकाच ओळीत आलंय, मला हे पहिल्यांदा दिसलं तेव्हा अंगावर काटा आला होता.

आस्तिक-नास्तिक शब्द या अस्ति-नास्तिवरूनच आलेत, पाणिनीचं सूत्र आहे 'अस्तिनास्तिदिष्टं मतिः', आणि नंतरचे वैयाकरण तिथे परलोक आहे की नाही असा अर्थ घेतात, देवाचा संबंधच नाही. मनुस्मृतीत मात्र वेदांची निंदा करणारा तो नास्तिक. म्हणून तर सांख्य मताचे तत्त्वज्ञ ईश्वराशिवाय सगळं मांडूनही, वेद मानत असल्यानं, आस्तिक दर्शनात बसतात आणि जैन, बौद्ध, चार्वाक बाहेर.

तेव्हा फक्त देव मानणं सुटलं असेल तर निरीश्वरवादी हा नेमका शब्द. बोलताना नास्तिक सगळेच म्हणतात, खुशाल म्हणा, पण कुणी स्वतः विचार करत तिथवर पोचला हे त्या शब्दात येत नाही, त्यासाठी चिकित्सक हाच शब्द घ्या. 'चिकित्सा करत करत तो निरीश्वरवादी झाला' असं सरळ वाक्य होतं.