कोकणातून आणलेलं दालचिनीचं तेल पाण्यात बुडालं, म्हणजे त्यात भेसळ आहे का? सुगंधी तेलाचं खरं-खोटं घरी कसं ओळखायचं?

बुडालं ते बरंच झालं. तरंगलं असतं तर मी परत करा म्हटलं असतं.

तुमच्या प्रश्नात दोन बाटल्या आहेत आणि तुम्ही संशय नेमका नको त्या बाटलीवर घेतलाय. मालवणहून परतताना अरोमाथेरपीसाठी दालचिनीचं आणि चंदनाचं अशी दहा-दहा मिलीची तेलं घेतलीत. दालचिनीचं तेल ग्लासात तळाशी गेलं, वास लवंगेसारखा आला, कागदावरचा डाग दुसऱ्या दिवशीही दिसत होता. चंदनाचा डाग मात्र तासाभरात उडाला, म्हणून ते शुद्ध, असं तुम्ही लिहिलंय. माझं मत अगदी उलट आहे. दालचिनीचं तेल बहुधा खरं आहे आणि चंदनाच्या बाटलीत चंदन नाही.

आधी दालचिनी, कारण तिथेच आमच्यासारख्या भट्टीवर वाफेने तेल काढणाऱ्यांवर अन्याय होतो. कुडाळ-सावंतवाडीपासून खाली बांद्यापर्यंत माडाच्या बागांत दालचिनी, जायफळ, मिरी ही आंतरपिकं आता नवी राहिलेली नाहीत. रत्नागिरीजवळच्या भाट्याच्या नारळ संशोधन केंद्राच्या ‘लाखी बाग’मुळे, म्हणजे माडांत मसाला पिकं घ्यायच्या पद्धतीमुळे, आणि दापोली विद्यापीठाच्या ‘कोकण तेज’ या जातीमुळे ती बरीच पसरली. पावसाळा सरला की फांद्या छाटून साल सोलतात, साल मसाल्याला जाते आणि मागे राहतो पाल्याचा ढीग. तेल काढतात ते या पाल्याचं. सालीचं तेल काढणं इथे कुणालाच परवडत नाही, कारण साल तशीच चांगल्या भावाने जाते. त्यामुळे कोकणात ‘दालचिनीचं तेल’ म्हणून जे मिळतं ते जवळपास नेहमी पानाचं असतं. पानाच्या तेलात ७० ते ८५ टक्के युजेनॉल असतं, म्हणजे लवंगेतलंच द्रव्य. वास लवंगेसारखा येणार नाही तर काय बासुंदीसारखा येणार? दालचिनीच्या सालीचा तो ओळखीचा गोड वास सिनॅमाल्डिहाइड या द्रव्याचा. सालीच्या तेलात ते ५५ ते ७५ टक्के असतं, पानाच्या तेलात ३ टक्क्यांच्या आत.

दोन्ही तेलं अस्सल, दोन्ही एकाच झाडाची, पण ती वेगळी तेलं आहेत. खोटेपणा होतो तो लेबलवर. पानाचं तेल भरायचं, वर नुसतं ‘दालचिनी तेल’ छापायचं, शेजारी सालीच्या नळ्यांचा फोटो लावायचा आणि भाव सालीचा घ्यायचा. मग गिऱ्हाईक घरी जाऊन हुंगतं, लवंगेचा वास आला म्हणून बोंब मारतं आणि बदनाम होतो भट्टीवाला. महामार्गावरच्या दुकानदारांशी हा वाद जुना आहे. ‘पान’ हा एक शब्द लेबलवर छापायला त्यांना काय जड जातं ते मला आजवर कळलेलं नाही. काही जण तर पानाच्या तेलात स्वस्त सिनॅमाल्डिहाइड टाकून वास ‘सुधारतात’. ती मात्र सरळ भेसळ, आणि त्वचेला त्रासदायकसुद्धा.

आता बुडण्याचं. पानाच्या तेलाची सापेक्ष घनता (पाणी १ धरून) १.०३ ते १.०५ असते, लवंगेची १.०४ ते १.०७. पाण्यापेक्षा जड. भट्टीवरचा सेपरेटर, म्हणजे तेल आणि पाणी वेगळं करणारं भांडं, तोही यासाठी वेगळा लागतो, तेल तळातून काढायची तोटी असलेला. गवती चहाचा सेपरेटर वापरला तर तेल खाली साचतं आणि माणूस वरून थेंब कधी पडतोय ते बघत बसतो. शिवाय युजेनॉल पाण्यात लिटरला दोनेक ग्रॅम विरघळतं. सेपरेटरमधलं दुधाळ पाणी फेकून दिलं तर तेल त्याच्याबरोबर गेलं, ते पाणी परत भट्टीत घालावं लागतं. रंगावरूनही लोक घाबरतात. साध्या लोखंडी भट्टीत युजेनॉल लोखंडाशी लागून तेल तांबूस-काळपट होतं. सायट्रिक आम्लाच्या पाण्याने धुतलं तर रंग बराच उतरतो. काळपट तेल भेसळीचं नसतं आणि पिवळं धमक तेल शुद्धच असतं असंही नाही. रंगावर काही ठरवू नका.

कागदाची परीक्षा. याच्याइतकी डोक्यावर बसवलेली आणि इतकी कमी कामाची परीक्षा दुसरी नाही. ती फक्त खोबरेल, एरंडेल, तिळेल अशी न उडणारी तेलं पकडते, आणि तीही सावकाश. युजेनॉल २५४ अंशांना उकळतं, त्यामुळे पावसाळी दमट हवेत पानाच्या तेलाचा डाग दुसऱ्या दिवशी दिसणं साहजिक आहे. वाळ्याचा आणि चंदनाचा डाग तर कित्येक दिवस राहतो, कारण त्यांतले घटक जड. याउलट टर्पेंटाइन, स्पिरिट, प्रयोगशाळेत बनवलेलं लिनालूल हे सुगंधी द्रव्य या सगळ्या भेसळी डाग न ठेवता उडून जातात. ही परीक्षा करायचीच तर खात्रीच्या तेलाचा थेंब शेजारी टाकून करा, टीपकागद २४ तास पंख्यापासून लांब ठेवा आणि दोन डागांची तुलना करा. एकट्या डागावरून काहीही कळत नाही.

घरी करण्यासारख्या दोनच गोष्टी मला कामाच्या वाटतात.

पहिली, वजन. प्रयोगशाळेचं सामान विकणाऱ्या दुकानात ५ मिलीची घनता-बाटली मिळते, काचेच्या बुचाला बारीक भोक असलेली. ०.०१ ग्रॅम दाखवणारा सोनाराचा छोटा काटा घ्या. कोरडी बाटली तोला, मग पाण्याने भरून, मग पूर्ण वाळवून तेलाने भरून. भोकातून वर आलेला थेंब पुसायचा, बुडबुडा राहू द्यायचा नाही, पाणी आणि तेल दोन्ही एकाच खोलीत तासभर ठेवलेली हवीत. समजा पाणी ५.०० ग्रॅम भरलं आणि तेल ५.२०, तर आकडा १.०४, पानाच्या तेलाला बरोबर. तेल काही वाया जात नाही, परत बाटलीत ओता. त्यात दहा टक्के खोबरेल असेल तर आकडा १.०३ च्या खाली घसरतो. गवती चहाला ०.८७ ते ०.९० आणि निलगिरीला ०.९०५ ते ०.९२५ यायला हवं.

दुसरी, मिठाचं पाणी. अत्तराच्या धंद्यात सुगंध पातळ करायला वापरतात ते डायप्रोपिलीन ग्लायकॉल वजनाच्या परीक्षेतून सुटतं, कारण त्याची घनता १.०२, पानाच्या तेलाच्या अगदी जवळ. ते आणि स्पिरिट मिठाच्या पाण्यात सापडतात. १०० मिली पाण्यात ३६ ग्रॅम मीठ पूर्ण विरघळवा आणि गाळून घ्या. १० मिलीच्या मोजनळीत ५ मिली हे पाणी, वर ५ मिली तेल. तोंड बंद करून हळूहळू दहा-बारा वेळा उलटसुलट करा, जोरात हलवलंत तर फेस होऊन रेघच दिसणार नाही. तासभर ठेवा. हे पाणी इतकं जड असतं की दालचिनीचं तेलही वर राहतं. तेलाचा थर ५ मिलीवरून साडेचारवर आला, म्हणजे मधली रेघ ५ वरून साडेपाचवर चढली, तर दहा टक्क्यांच्या आसपास काहीतरी पाण्यात उतरलंय. नवी परीक्षा करताना नळी कोरडीच हवी, भिंतींवर चिकटलेलं पाणी आकडा बिघडवतं.

या दोन्हींतून निसटते ती लवंगेच्या पानाच्या तेलाची किंवा विकतच्या युजेनॉलची भेसळ. तिथे जीसी-एमएसचा, म्हणजे तेलातले घटक वेगळे करून मोजणाऱ्या यंत्राचा, अहवालच लागतो. दालचिनीच्या पानात युजेनॉलबरोबर लिनालूल दीड ते साडेतीन टक्के आणि कॅरियोफिलीन दीड ते सात टक्के दिसायला हवं. युजेनॉल नव्वदीला आणि लिनालूल शून्य, तर ते दालचिनीच्या पानाचं नाही. अहवालावरचा बॅच नंबर बाटलीवरच्याशी जुळतो का आणि वनस्पतीचा कोणता भाग लिहिलाय ते पहिल्यांदा बघा. वेबसाइटवर वर्षानुवर्षं तोच एक अहवाल टांगून ठेवलेला असेल तर त्याची किंमत कॅलेंडरावरच्या चित्राएवढी. आणखी एक मेख अशी की जीसीमध्ये खोबरेल दिसतच नाही. ते उडत नाही, यंत्रात पुढे सरकत नाही आणि उडणाऱ्या घटकांची बेरीज शंभर धरून टक्के छापले जातात. तीस टक्के खोबरेल असलेल्या तेलाचाही अहवाल देखणा येऊ शकतो. म्हणून अहवाल असला तरी वजन करा. दहा मिलीच्या बाटलीसाठी स्वखर्चाने तपासणी करू नका. किलोने घेणार असाल तर कन्नौजच्या सुगंध व सुरस विकास केंद्रासारख्या ठिकाणी नमुना पाठवणं परवडतं.

‘थेरप्युटिक ग्रेड’ असं लिहिलेलं असेल तर ते विसरा. अशी कोणतीही सरकारी किंवा आंतरराष्ट्रीय श्रेणी नाही, विकणाऱ्यांनीच ती बनवलीय.

चंदनाला मात्र हिशेबच पुरतो. गाभ्याच्या लाकडात तेल ५ टक्के धरलं तरी एक किलो तेलाला वीस किलो गाभा लागतो आणि तो किलोला हजारोंनी जातो. आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे आपल्याकडच्या चंदनाच्या तेलात अल्फा-सँटॅलॉल ४१ ते ५५ टक्के आणि बीटा-सँटॅलॉल १६ ते २४ टक्के लागतं. हे दोन्ही घटक तीनशे अंशांच्या आसपास उकळणारे, तासाभरात उडणारे नव्हेत. तुमच्या कागदावरून उडालं ते बहुतेक स्पिरिट. तसंच सोनचाफा, बकुळ, सुरंगी यांचं ‘इसेन्शियल ऑइल’ दोनशे-तीनशे रुपयांत मिळालं तर ते निव्वळ कृत्रिम वासाचं द्रावण समजा. या फुलांमधून वाफेवर धंद्याला पुरेल इतकं तेल निघत नाही. मोगऱ्याचंही तेच, त्याचा अर्क द्रावकाने काढावा लागतो आणि तो महाग पडतो.

अरोमाथेरपीसाठी म्हणता, तर हे आधीच सांगायला हवं होतं: तेल खरं आहे म्हणजे ते निरुपद्रवी आहे असं नाही. अंगाला लावायचं असेल तर पानाचं तेल वाहक तेलात ०.६ टक्क्यापर्यंतच, म्हणजे १०० मिली खोबरेलात बारा थेंब. सालीचं ०.०७ टक्के, म्हणजे तेवढ्याच खोबरेलात एखादा थेंब. पोटात घेऊ नका. घरात लहान मुलं असतील तर निलगिरी आणि गंधपुरा (विंटरग्रीन) यांची तेलं कुलपात ठेवा. गंधपुऱ्याच्या एका चमच्यात ॲस्पिरिनच्या वीसेक गोळ्यांइतकं सॅलिसिलेट असतं आणि ते अस्सल झाडाचं असो की कारखान्यातलं, विषारीपणा सारखाच. गर्भवतींनी आणि रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय यातलं काहीच वापरू नये.

आणि रबरी ड्रॉपर लावून ठेवू नका, युजेनॉल रबर खातं. तपकिरी काचेची, गळ्यापर्यंत भरलेली, साध्या घट्ट झाकणाची बाटली घ्या. तेल कमी झालं की छोट्या बाटलीत ओता, विशेषतः गवती चहाचं, कारण आमच्या दमट हवेत अर्ध्या रिकाम्या बाटलीतलं सिट्रल, म्हणजे गवती चहाचं मुख्य सुगंधी द्रव्य, लवकर बिघडतं आणि बिघडलेलं तेल त्वचेवर पुरळ आणतं.