कंप्रेसरच्या कोटेशनमधले सीएफएम, एफएडी, बार आणि ड्यू पॉइंट म्हणजे नेमकं काय?

दहा एचपीच्या पिस्टन कंप्रेसरची दोन कोटेशनं, एकात ४० सीएफएम (मिनिटाला इतके घनफूट हवा), दुसऱ्यात ३०, किंमत जवळपास सारखीच. म्हणून ४० वाला घ्यावा का, असं तुम्ही विचारलंय. आधी एवढंच विचारा: हे ४० डिस्प्लेसमेंट की एफएडी?

डिस्प्लेसमेंट म्हणजे सिलेंडरचं आकारमान गुणिले फेरे, नुसता कागदी हिशोब. टू-स्टेज, म्हणजे हवा दोन टप्प्यांत दाबणारा असेल तर त्यात फक्त मोठा, लो-प्रेशरचा सिलेंडर धरतात. पिस्टन वर गेल्यावर हेडखाली थोडी हवा अडकून राहते, ती खाली येताना पुन्हा फुगते. व्हॉल्व्ह थोडे गळतात. आत येणारी हवा तापते. त्यामुळे ७ बारला हातात साधारण ७०-७५ टक्केच पडते. ही हाती आलेली हवा सक्शनच्या दाबाला आणि तापमानाला मोजली की झाली एफएडी, म्हणजे फ्री एअर डिलिव्हरी. थोडक्यात, ४० हे डिस्प्लेसमेंट आणि ३० हे एफएडी असेल, तर तुमची दोन्ही मशीनं बहुधा एकच काम करतील.

खात्री टाकीवर करता येते. टाकी ५०० लिटरची, आउटलेट बंद, काटा शून्यावर. ७ बार व्हायला ४ मिनिटं लागली तर ५०० × ७ ÷ ४ = ८७५ लिटर प्रति मिनिट. एका घनफुटात २८.३ लिटर, म्हणून २८.३ ने भागा, सुमारे ३१ सीएफएम. टाकीतली हवा गरम असते, म्हणून आकडा थोडा फुगलेलाच येतो.

बार, पीएसआय, केजी ही सगळी दाबाची मापं: १ बार म्हणजे १४.५ पीएसआय, १ केजी (दर चौरस सेंटिमीटरला एक किलो) म्हणजे १४.२. गेजवरचा ७ बार हा वातावरणाच्या वरचा दाब, म्हणजे खरा ८. लाइनच्या टोकाला दाब पडतो म्हणून कंप्रेसरचं सेटिंग वाढवू नका. दर एक बारला वीज ६-७ टक्के जास्त जाते. आधी पाइपचा व्यास आणि एफआरएलचा (फिल्टर, रेग्युलेटर, ल्युब्रिकेटरचा संच) फिल्टर बघा.

ड्यू पॉइंट म्हणजे ज्या तापमानाला हवेतलं पाणी सुटायला लागतं ते. पावसाळ्यात ३० अंश, ८० टक्के दमटपणा असेल तर एका घनमीटर हवेत सुमारे २४ ग्रॅम पाणी असतं. ती ७ बारला दाबून ३५ अंशांपर्यंत थंड केली की जेमतेम ५ ग्रॅम वाफ मावते, बाकीचं टाकीत आणि पाइपात. स्प्रे पेंटिंगला फोड येतात ते यातूनच. रेफ्रिजरेशन ड्रायरचा (हवा थंड करून पाणी काढणारं यंत्र) ३ अंश ड्यू पॉइंट बहुतेक वर्कशॉपना पुरतो. उणे ४० चा खर्च उगाच करू नका. ड्यू पॉइंटचा आकडा दाबाखालच्या हवेचा आहे ना, हे मात्र विचारा.

लोड-अनलोड म्हणजे हवा भरणं आणि मोकळं फिरणं. जेवणाच्या सुट्टीत सगळी मशीनं बंद ठेवून कंप्रेसर चालू ठेवा. एक मिनिट लोड, चार मिनिटं अनलोड येत असेल तर पाचवा हिस्सा, म्हणजे ३० मधले ६ सीएफएम, नुसता गळतोय. साबणाचं पाणी घेऊन आधी क्विक कपलर आणि होजचे क्लिप तपासा.