पिंपल्स गेले, पण डाग आणि खड्डे राहिले. घरच्या घरी जातील का?

डाग बहुतेक जातील, खड्डे नाही. आधी बोट फिरवून बघा. त्वचा सपाट असून नुसता काळा-तपकिरी रंग असेल, तर तो डाग. आपल्यासारख्या सावळ्या त्वचेवर तो काही महिने रेंगाळतो, पण फिकट होतो. रोज एसपीएफ ३०चं सनस्क्रीन लावा, रात्री अॅझेलेइक अॅसिड किंवा अॅडापलिनचं क्रीम (गरोदरपणात अॅडापलिन नको).

खड्डा म्हणजे आतलं कोलॅजन (त्वचेला आधार देणारं प्रथिन) गेलेलं. तिथे क्रीम फारसं पोचत नाही. सुईच्या टोकासारख्या खोल खड्ड्यांत डॉक्टर टीसीए या तीव्र अॅसिडचा थेंब सोडतात, रुंद लाटांसारख्या खड्ड्यांत आतले चिकटलेले धागे सुईने सोडवतात (सबसिजन), उथळ ठिकाणी मायक्रोनीडलिंग (बारीक सुयांनी टोचणं) किंवा फ्रॅक्शनल लेझर (त्वचेवर बारीक ठिपक्यांत मारलेलं लेझर). सेशन अनेक लागतात, मध्ये साधारण महिन्याचं अंतर. खड्डे कमी दिसतात, पूर्ण बुजत नाहीत. 'शंभर टक्के' म्हणणाऱ्या पार्लरला लांबूनच नमस्कार! नवीन पिंपल्स चालू असतील तर आधी ते थांबवा.

लिंबू, टूथपेस्ट चोळू नका. आणि मेडिकलवाल्याने दिलेली 'गोरं करणारी' ट्यूब तर अजिबात नको, त्यात बऱ्याचदा स्टेरॉइड असतं आणि त्यानेच पुन्हा पिंपल्स येतात.