डीडीने (लिनक्समधली डिस्क कॉपी करायची कमांड) ५०० जीबीची डिस्क कॉपी करतोय, दोन तास स्क्रीनवर काहीच नाही. चालू आहे की अडकलंय कसं कळणार?

आधी एक सांगतो, कंट्रोल-सी दाबू नका आणि प्लग तर अजिबात काढू नका. दुसरं टर्मिनल उघडा, पीग्रेप कमांडने डीडीचा पीआयडी, म्हणजे चालू प्रोग्रॅमचा नंबर, काढा आणि सुडो (अ‍ॅडमिनचे अधिकार देणारी कमांड) लावून त्या पीआयडीला किल मायनस यूएसआर१ हा सिग्नल पाठवा. किल या नावाला घाबरू नका, लिनक्सवरचं डीडी त्याने मरत नाही, पहिल्या टर्मिनलवर तीन ओळी छापतं, किती रेकॉर्ड (डेटाचे तुकडे) आत, किती बाहेर, किती बाइट कॉपी झाले आणि स्पीड काय, आणि परत कामाला लागतं. ५०० जीबीची डिस्क म्हणजे बहुतेक वेळा ५००१०७८६२०१६ बाइट, त्याच्याशी ताडून बघा.

आता हे एवढं पोटतिडकीने का लिहितोय ते सांगतो. २०१३ च्या मे महिन्यात मी सांगलीत एका कॉम्प्युटर रिपेअरच्या दुकानात कामाला होतो, ऐन लग्नसराई, आणि एक फोटोग्राफर त्याची डिस्क घेऊन आला, मध्येच गायब होते म्हणून. तीन लग्नांचे फोटो त्यात, कार्डं त्याने कधीच पुसलेली. मी ती यूएसबी २ च्या डॉकला (डिस्क जोडायचा स्टँड) लावली, शेजारी नवी डिस्क, आणि डीडी सुरू केलं. काळी स्क्रीन, खाली कर्सर लुकलुकतोय, बाकी काही नाही. त्या डॉकला सेकंदाला तीसच्या आसपास एमबी स्पीड मिळतो म्हणजे साडेचार-पाच तास लागणार हे मला माहीत होतं, पण माहीत होतं ते फक्त मलाच. डॉकचा निळा दिवा सारखा फडफडत होता, डिस्कवर बोट ठेवलं की आतली थरथर लागायची, माझ्यासाठी तेवढं पुरेसं होतं.

रात्री नऊला दुकान बंद करायची वेळ झाली. मालकांना आम्ही आण्णा म्हणायचो. आण्णा म्हणाले, "आरं अडकलंय ते, बंद कर आता." मी म्हटलं, "आण्णा, चाललंय, अजून दोन तास थांबतो मी." तर म्हणाले, "चाललंय म्हणतोस, कुठं दिसतंय?" आणि याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. मी दिवा दाखवला, ते म्हणाले दिवा तर पंख्याच्या रेग्युलेटरलाही असतो. मी खाली फोटोग्राफरला फोन करायला गेलो तेवढ्यात त्यांनी मेन स्विच पाडला.

दुसऱ्या दिवशी जुनी डिस्क लावली तर नुसती टक-टक-टक. नव्या डिस्कवर जेवढं उतरलं होतं त्यातून फोटोरेकने (हरवलेले फोटो शोधून काढणारा प्रोग्रॅम) दोन लग्नं बरीचशी निघाली, तिसरं गेलं ते गेलंच. त्या मुलीच्या वडिलांना फोटोग्राफरने काय सांगितलं असेल ते मला आजही नीट विचारवत नाही. आणि आण्णा इतकी वर्षं झाली तरी म्हणतात, ते लिनक्सचं लफडं केलं म्हणून गेलं, विंडोजमध्ये हिरवी पट्टी तरी दिसते. लिनक्समुळे नाही गेलं आण्णा, मेन स्विचमुळे गेलं. साधं कंट्रोल-सी दाबलं असतं तरी डीडी जाता जाता किती ब्लॉक झाले ते छापून गेलं असतं आणि स्किप-सीक (झालेला भाग सोडायचे पर्याय) देऊन तिथून पुढे सुरू करता आलं असतं. पण यूएसआर१ तेव्हाही होतं, मला माहीत नव्हतं, तो आकडा मी त्यांच्यासमोर धरला असता तर ते नक्की थांबले असते, माणूस वाईट नाही. म्हणून माझं ठाम मत आहे, प्रोग्रेस आपल्यासाठी नसतोच, तो शेजारी उभ्या असलेल्या, स्विचकडे हात नेणाऱ्या माणसासाठी असतो.

पुढच्या वेळी सुरुवातीलाच स्टेटस इक्वल टू प्रोग्रेस लिहा, जुलै २०१५ मध्ये कोअरयूटिल्स (डीडी ज्या संचात येतं तो) ८.२४ पासून ते डीडीतच आहे, त्यामुळे सबब नाही. बीएस (एका घासाचा आकार) ४एम द्या, नाहीतर डीडी ५१२-५१२ बाइटचे घास घेत बसतं आणि मग लोक म्हणतात डीडी स्लो आहे. टक्के, पट्टी, राहिलेला वेळ हवा असेल तर पीव्ही नावाचा प्रोग्रॅम टाकून घ्या.

आणि हो, यूएसआर१ मॅकवर पाठवू नका, तिथलं डीडी त्याने खरंच मरतं, तिथे कंट्रोल-टी दाबायचं. पेनड्राइव्हवर लिहिताना आकडा पूर्ण दिसला तरी प्रॉम्प्ट (पुढची कमांड लिहायची ओळ) येईपर्यंत काढू नका, डेटा अजून रॅममध्ये असू शकतो, कॉन्व्ह इक्वल टू एफसिंक लावलं तर ते लिहून झाल्यावरच प्रॉम्प्ट येतो. आणि डिस्क आजारी असेल तर डीडी वापरूच नका, मीही तेव्हा वापरायला नको होतं, ते पहिल्या रीड एररला थांबतं. डीडीरेस्क्यू (खराब डिस्क वाचवणारा प्रोग्रॅम) घ्या, मॅप फाइल (कुठलं झालं, कुठलं राहिलं याची नोंद) द्या, ते आधी चांगला भाग उचलतं, किती वाचवलं ते स्वतःच दाखवत राहतं आणि लाइट गेली तरी मॅप फाइल बघून तिथूनच पुढे जातं.

तुमची डिस्क चांगली आहे की मध्येच गायब होणारी, ते लिहिलं नाहीत. यूएसआर१ पाठवून जो आकडा आणि स्पीड येईल तो खाली टाका, किती वेळ राहिलाय ते सांगतो.