घरच्यांनीच टाकलेल्या माणसाला येशू जवळ घेतो का?

हो, घेतो, आणि आधी सुधरून ये मग बघू असंही म्हणत नाही. बायबलात मार्कच्या पुस्तकाच्या 5व्या अध्यायात एक बाई आहे, 12 वर्षं अंगावरून रक्त जातंय, होता नव्हता पैसा वैद्यांत गेला, आणि तिथल्या नियमानं ती विटाळाची म्हणजे कुणी शिवायचंसुद्धा नाही. ती गर्दीत मागून येऊन गुपचूप त्याच्या कपड्याला हात लावते. तो थांबतो, कोण शिवलं विचारतो, ती थरथरत सगळं सांगते आणि तो तिला मुली म्हणून हाक मारतो. बरी तर ती आधीच झाली होती, पण सगळ्यांदेखत लेक म्हटलं ना, मला तेच लई मोठं वाटतं.

आमच्या जालन्याकडं हे समजावून सांगावं लागत नाही, शिवाशिव आमच्या आज्यापणज्यांनी भोगलीय.

माझी मावशी नवऱ्यानं सोडल्यावर चर्चमधी दारापाशी चपलांजवळ बसायची, तोंडाला पदर लावून. एका रविवारी पाळकबाई उठून तिच्याशेजारी खाली बसल्या, बोलल्या काहीच नाहीत, उपासना संपेपर्यंत नुसता हात धरून ठेवला.

तुम्हाला रडू येत असेल तर रडतच प्रार्थना करा, शब्द नाही सुचले तरी चालतंय.