जू आणि खांदा

चिमणे,

काल परतीच्या बसमध्ये तू विचारलंस, "बाबा, वर्षभर ज्याला राबवायचं त्याला पोळ्याला एक दिवस पुरणपोळी, हे खोटं नाही का?" मागे अंताक्षरी ऐन रंगात आली होती. मी "घरी गेल्यावर सांगतो" म्हणून वेळ मारून नेली, म्हणून हे पत्र.

मंडळाची सहल म्हणजे बटाटेवडे आणि फोटो, असा माझा समज. इथल्या, इंग्लंडातल्या कुकम गावी चित्रकार स्टॅन्ली स्पेन्सरच्या चित्रांपेक्षा तुला त्याची जुनी बाबागाडीच आवडली. रंगांचं सामान घालून तो ती गावभर ढकलत न्यायचा. त्याने चित्रात येशूला आपल्याच गावच्या नदीवर आणलं. आपला विठोबा जनीसोबत जात्यावर बसतो, तसंच.

पण तू खरी अडलीस ती रेडिंगच्या ग्रामजीवन संग्रहालयात, बैलांच्या जुवापाशी. "इंग्लंडमध्ये पण बैल?" हो, ससेक्समध्ये तर विसाव्या शतकातही बैल नांगर ओढत होते. त्या जुवाची खालची बाजू आठव. घासून घासून गुळगुळीत झालेली. लाकूड इतकं झिजलं, तर मानेचं काय होत असेल?

आमच्याकडे यवतमाळला पोळ्याच्या आदल्या दिवशी खांदशेकणी असते. जू बसतं तो खांदा गरम पाण्याने शेकायचा, पळसाच्या पानाने तूप-हळद चोळायची. मग बैलाला म्हणायचं, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या." झूल, बाशिंग, रंगवलेली शिंगं हे दुसऱ्या दिवशी, चारचौघांत, तोरणाखाली. खांदशेकणी मात्र गोठ्यात. माझे आजोबा चोळता चोळता घट्टे चाचपायचे. एका वर्षी एका बैलाच्या खांद्यावरची सूज त्यांच्या हाताला लागली, तर पोळा उलटून पंधरा दिवस झाले तरी त्या बैलाला त्यांनी जुंपलं नाही. शेजाऱ्याचा बैल मागून डवरे मारले, म्हणजे पिकात कोळपणी केली.

तरी तुझं म्हणणं अगदीच चुकीचं नाही. दोन दिवसांनी बाकीचे बैल शेतात असायचे, आणि तुतारी, म्हणजे अणकुचीदार काठीही टोचायचीच.

आता घरी ट्रॅक्टर आहे. आजी मातीचे बैल पुजते, आवतन त्यांनाही देते.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा, तुम्हा पोरांचा. माझा लाकडी बैल माळ्यावरच्या खोक्यात आहे, त्याचं एक चाक निखळलंय. रविवारी बसवू. रंग तू निवड.

तुझा,
बाबा